अक्काची दाद

चष्म्याच्या दुकानात काच घासायचं चाक घूं घूं करत फिरायचं आणि त्याच्या सुरात सूर मिसळून तो गुणगुणायचा. गिऱ्हाइकं त्याला 'चष्मेवाले' म्हणत. थोरली बहीण मात्र अजूनही ढब्ब्याच म्हणायची, अठ्ठेचाळिशी गाठून अंगावर मूठभर मांस उरलं नव्हतं तरी. त्याचं लग्न राहूनच गेलं होतं. घरात अक्का, तिची कॉलेजात जाणारी लेक आणि हा, अशी तीन माणसं.

गाणी रचायचा नाद त्याला मिसरूड फुटल्यापासूनचा. गिटार बरी वाजवायचा, गळाही गोड होता, पण शब्द म्हणजे डोक्याला ताप. हल्ली एका गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापाशी तो चार महिने अडकून पडला होता. 'झुळूक'ला 'चुणूक', याच्यापुढे गाडी सरकेना. वहीची पानं खोडून खोडून काळी झाली.

आणि शेजारच्या मोबाइलच्या दुकानातून दिवसभर एकच गाणं कानावर आदळायचं. चार शब्द, तेच उलटेसुलटे, आणि खाली धाडधाड.

"याला गाणं म्हणायचं?" तो भाचीपाशी कुरकुरला. "कुणी पाचवा शब्द आणला तर दंड होतो का यांना?"

"मामा, तुझं गाणं ऐकायला शब्दकोश घेऊन बसावं लागतं," ती हसून म्हणाली. "आमचं पायांनी ऐकायचं असतं."

तो दिवसभर घुश्श्यात राहिला.

नवं गाणं आधी अक्काला ऐकवायचं, हे ठरलेलं. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि अक्का सतराची. तिनंच त्याचं सगळं केलं. तो गिटार घेऊन बसला की ती हातातलं काम बाजूला ठेवून समोर यायची, मान डोलवायची आणि शेवटी म्हणायची, "वा! सुरेख झालंय." जगात त्याला मिळणारी दाद म्हणजे एवढीच.

त्या रविवारी दुपारी कडवं कसंबसं जमलंसं वाटलं आणि तो तिच्यासमोर बसला. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात तिसरी ओळच आठवेना. बोटं तारांवर थबकली, ओठ नुसते शब्द शोधत हलत राहिले, आवाज मुळी नव्हताच. आणि समोर अक्काची मान डोलत होती. तिनं डोळे भरून त्याच्याकडे पाहिलं. "वा! सुरेख झालंय रे."

त्यानं गिटार खाली ठेवली. "अक्का, मी गातच नव्हतो."

"हो ना, चालसुद्धा गोड आहे."

त्यानं वही ओढली आणि खोडलेल्या ओळींखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ऐकू येत नाही? केव्हापासून?'

अक्कानं वाचलं. चोरी पकडली गेल्यासारखी ती जराशी हसली. "अगदीच येत नाही असं नाही. जवळ येऊन मोठ्यानं बोललं की कळतं. गाण्यातलं मात्र दोनेक वर्षांत काही कळलेलं नाही."

'मग सांगितलं का नाहीस?'

"तू गायचा थांबला असतास." तिनं पदरानं नाक पुसलं. "एवढा वेळ समोर बसून माझ्याकडे कोण बघतं, ढब्ब्या? मला तेवढं पुरत होतं."

तो तिचा हात धरून बसून राहिला.

तेवढ्यात भाची बाहेरून आली. सवयीनं तिनं टेबलावर छोटा स्पीकर ठेवला आणि तेच चार शब्दांचं गाणं लावलं. तो वैतागून उठणार, तोच अक्कानं तळहात टेबलावर पसरला. बोटं ठेक्यात हलायला लागली.

"हे कळतं मला," ती म्हणाली. "आतपर्यंत पोचतं."

भाची बावरून मामाकडे बघत राहिली. त्यानं तिला सगळं सांगितलं, आणि मग आयुष्यात कधी म्हणेल असं वाटलं नव्हतं ते म्हणाला, "परत लाव गं ते. आवाज वाढव."

त्याच आठवड्यात दोघांनी अक्काला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मशीन बसलं. बोलणं बरंच कळायला लागलं, पण बारीक तारांचा आवाज तिला पत्रा खरवडल्यासारखा वाटे. मग त्यानं बारीक तारा सोडूनच दिल्या. चार महिन्यांचं गाणंही बाजूला ठेवलं, आणि थोडं हायसंच वाटलं. दुकानातून घरी आला की अक्का रोज दारातच विचारायची, "आलास का? बस जरा." एके संध्याकाळी त्याला त्यातच चाल ऐकू आली. जाड तारांवर, सावकाश, अंगठ्यानं ठोके देत त्यानं ती धरली.

"मामा, अरे, एवढेच शब्द?" भाचीनं डोळे मोठे केले.

"गप गं," तो लाजून म्हणाला.

अक्का जवळ सरकली आणि तिनं गिटारच्या लाकडावर तळहात टेकला. तो गायला लागला. या खेपेला तिची मान डोलली नाही. कपाळाला आठ्या पडल्या.

"थांब. 'बस जरा' म्हणताना एवढी घाई का करतोस? बसायला वेळ दे की माणसाला."

आजवर तिनं त्याच्या गाण्यात एकही खोट काढली नव्हती. त्याला हसू आलं, डोळ्यांतून पाणीही आलं. नाक ओढत त्यानं विचारलं, "असं?" आणि ओळ परत धरली.

"अजून सावकाश," अक्का म्हणाली.