काल जवळ कोण आलं

"कोन्हीच नही," सोनीबाई म्हणाल्या. मांडीवर नातू, मागे सून डोक्याला तेल लावतेय, आणि म्हणे कोन्हीच नही!

"मंग हाऊ कोन शे?" मी विचारलं.

"हाऊ तं मन्हा नातू शे. तो काय परका शे का?"

मला इतकं हसू आलं की मोबाईल पडता पडता वाचला. आई हसली नाही. सकाळपासून ती आमच्या कोरीट गावाच्या गल्ल्या फिरत होती. खांबाला टेकून एवढंच म्हणाली, "दोन लिख."

आई गावाची आशा सेविका. कुठल्याशा मेडिकल कॉलेजने हा सर्व्हे काढलाय. काल दोन हातांच्या आत कोण कोण आलं, आणि करोनात अंतर पाळायचं तेव्हा कोण यायचं? दोन्हींतला फरक कळला की त्या अंतराने रोग किती अडला याचं गणित मांडता येतं. हे घरोघर मीच समजावून सांगते. अकरावी सायन्सला आहे, आणि चार माणसांत बोलायची आता मला भीती म्हणून वाटत नाही!

ऊन चढलं तरी आई फुलवंताबाईंच्या घराकडे वळेना. शेवटी तेच एक घर उरलं.

आमच्याकडे मयत झाली की बाया दारवर येतात, दुखवट्याला, आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. दुसऱ्या लाटेत फुलवंताबाईंचा नवरा गेला. त्यांच्या गळ्यात पडलेल्या सख्ख्या बहिणीला आईने दंड धरून बाजूला केलं होतं. नियमच तसा होता. पुढे महिनाभरात माझे बाबा गेले. करोनाने नाही, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून. बाया आल्या, अंगणात लांब लांब बसल्या, तोंडाला पदर लावून रडल्या. सगळ्यात लांब फुलवंताबाई होत्या. आई उंबऱ्यात एकटी. एकीनेही नियम मोडला नाही.

"या, आशाताई," फुलवंताबाई खाटेवरूनच म्हणाल्या. "आज कितला हात दूर बसाडशी?"

आई दारातच उभी राहिली. मी प्रश्न वाचू लागले. माझा आवाज उगाच मोठा झाला. काल? दूध न्यायला आलेली बाई, त्या म्हणाल्या, आणि शेळ्या मोजत असशील तर त्या. आणि करोनात?

"तव्हय?" त्या माझ्याकडे नाही, आईकडे बघत होत्या. "तव्हय कोन्हीच नही. हाई खरं लिख, पोरी."

मी शून्य टाकलं.

"रमिला," त्या आईला म्हणाल्या, "आम्ही इतला दूर ऱ्हायनूत, तेना काही फायदा व्हयना का?"

मला उत्तर येत होतं. साखळी तुटणं, आलेख, सगळं पाठ होतं. मी तोंड उघडलं तसा आईने हात वर केला.

"माले माहीत नही, जिजी. मीबी कॉलेजन्या मॅडमले तेच इचारं. त्या सांगतस, आजून मोजी ऱ्हायनूत. फायदा व्हयेल ऱ्हाय तं बरं. नही तं मंग..."



फुलवंताबाईंनी खाटेवरची गोधडी बाजूला सारली. "बठ."

आई बसली. दोघींच्या मध्ये वीतभरही जागा नव्हती. रडलं कुणीच नाही. जरा वेळाने आईची मान कलली. दमून झोपच लागली तिला, फुलवंताबाईंच्या खांद्यावर. हातावर माशी बसली तरी त्यांनी खांदा हलवला नाही. डोळ्यांनीच मला म्हणाल्या, हळू.

मोबाईल विचारत होता, माहिती पाठवायची का. त्यात कालचं होतं, तेव्हाचं होतं. आजचं कुणी विचारलंच नव्हतं.

मी मोबाईलचा आवाज बंद केला आणि उंबऱ्यात बसून राहिले.