'वणवा'चं नाव

'वणवा' ही आमच्या कंपनीची दोन दरवाजांची स्पोर्ट्स कार. तिचं इंजिन माझं. आज मीटिंगमध्ये मार्केटिंगच्या विक्रमने सात सीटची 'वणवा फॅमिली' आणि 'वणवा सेडान' पडद्यावर दाखवली, आणि माझं डोकंच फिरलं.

"नाव गाजलंय मॅडम, तर वापरूया ना!"

परवाच त्याच्या मुलाच्या बारशाला आम्ही सगळे कर्वेनगरला जेवून आलो होतो.

मी विचारलं, "मुलाला तुमच्या वडिलांचं नाव का नाही ठेवलं?"

"अहो, बाबा चांगले धडधाकट आहेत! जिवंत माणसाचं नाव नातवाला ठेवतात का?"

"असं? मग आपली वणवा कधी वारली? निदान सुतकाची सुट्टी तरी द्यायची!"