अर्ध्या झग्याचं नाणं

"संत म्हणतेस, मग हातात भाला कसा?" नाण्यावरून अंगठा फिरवत सासूबाईंनी विचारलं.

"खाली चाचपा ना, आई. पंखांचा अजगर आहे. त्याला मारतोय तो."

"हां, मग बरोबर. घोडाही उधळलाय मेला."

सून इस्पितळात एक्स-रे काढायची आणि फावल्या वेळात युरोपातली जुनी चांदीची नाणी जमवायची; तीही फक्त संतांची नि दंतकथांची. सासूबाईंना हे रिकामपणाचे उद्योग वाटत. त्यांनी स्वतः पंचेचाळीस वर्षं शिलाई मशीनवर मान मोडून काम केलेलं. पण गेल्या वर्षी नजर गेली, मशीनवर झाकण पडलं, आणि बाई दिवसभर चादरीची किनार चुरत बसू लागल्या. एकदा न राहवून सुनेनं त्यांच्या तळहातावर एक नाणं ठेवलं. घामाच्या बोटांनी चांदी काळवंडते हे माहीत असूनही ठेवलं.

तेव्हापासून सुट्टीच्या दुपारी हाच खेळ. सगळ्यात रंगली ती एका घोडेस्वार संताची गोष्ट. थंडीत कुडकुडणारा भिकारी दिसला, तशी त्यानं तलवारीनं आपला झगा कापून अर्धा त्याला दिला.

"उभा कापला की उरेब, म्हणजे तिरपा?"

"ते कुठे लिहिलेलं नाही, आई."

"उरेब कापला असेल तर दोघंही गारठले समज!"

हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या संताचं नाणं मात्र सुनेकडे नव्हतं. सात वर्षं ती त्याच्या मागावर होती. शेवटी बाजारातल्या नाणेवाल्याचा निरोप आला. सासूबाईही हट्टानं निघाल्या.

नाणं कोरं करकरीत होतं. सुनेनं बदल्यात द्यायला आपली तीन लाडकी नाणी काढलीसुद्धा.

"थांब, आधी इकडे दे." सासूबाईंनी चित्राला हातही लावला नाही. नाण्याची कड दोन बोटांत धरून गोल फिरवली. थांबल्या. पुन्हा फिरवली.

"याला शिवण आहे."

नाणेवाला हसला. "आजी, नाणं आहे हे, सदरा नव्हे."

"दोन तुकडे जोडले की शिवण येतेच. कुणीतरी घासलीय, पण लपली नाही. बघा भिंगातून."

त्यानं पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. खरं नाणं ठशानं पाडतात. हे साच्यात ओतलेलं होतं. साच्याच्या जोडाची रेघ कडेवर कानसलेली दिसत होती.

"मी फसलो, आणि तुम्हालाही फसवणार होतो," तो म्हणाला. त्यानं सासूबाईंना खुर्ची दिली. मग खालच्या खणातून त्याच संताचं दुसरं नाणं काढलं. झिजलेलं, कुणीतरी जन्मभर खिशात बाळगल्यासारखं. "हे मी कुणाला दाखवत नाही. तुमच्या तीन नाण्यांतलं एकच द्या, बास."

सासूबाईंनी कड तपासली, मान डोलावली. मग बोट हळूच चित्रावर आलं.

"भिकाऱ्याचं तोंड वर आहे गं. झग्याकडे नाही, त्या माणसाकडे बघतोय."

सुनेनं वाकून पाहिलं. खरंच की! सात वर्षं पुस्तकांतली चित्रं पाहूनही तिच्या हे लक्षात आलं नव्हतं.

"आजी, शनिवारी येत जाल? चार पेट्या तपासायच्या राहिल्यात," नाणेवाल्यानं विचारलं.

"येईन. पण कामाच्या जागी आजी म्हणायचं नाही. बाई म्हणायचं."

बसमधून उतरताना सुनेनं आधाराला हात पुढे केला. सासूबाईंनी डावा हात दिला. उजवी मूठ त्यांनी घर येईपर्यंत उघडली नाही.