सकाळचे सात फोन

बाबांना जाऊन अकरा दिवस झाले होते आणि रविवारी सेवाकेंद्रात त्यांच्या आठवणींची सभा होती. बोलायचं होतं थोरलीनं. हे ठरवलं कुणी, तर धाकट्या भावानं. स्वतः मात्र "मला माइकसमोर दरदरून घाम फुटतो" म्हणून अंग काढून मोकळा झाला.

"तू ग्रंथपाल. सगळा जन्म पुस्तकांत गेला तुझा. दोन शब्द बोलायला काय जातंय?"

"अरे, ग्रंथालयात शांतता पाळायची असते. मी लोकांना गप्प करायचा पगार घेते," थोरली म्हणाली. पण भाऊ कसला ऐकतोय.

झालं, बसली कागद घेऊन. बावीस वर्षं नौदलात, जहाजाच्या इंजिनरूममध्ये. मग सतरा वर्षं शहराच्या पंपघरात. निवृत्तीनंतर अठरा वर्षं केंद्रात विनामूल्य सेवा. इथवर पेन सरसर चाललं. पुढे 'प्रेमळ वडील' लिहायचं म्हटलं की ते अडायचं.

बाबा वाईट होते असं मुळीच नाही. दोन्ही मुलांचे केस त्यांनीच कापले, बुटांना तळ त्यांनीच ठोकले, आईच्या आजारपणात तीन महिने घर एकहाती ओढलं आणि वर कणीक कशी मळावी यावर तिलाच शिकवणी दिली. सगळं खरं. पण एक गोष्ट थोरलीच्या घशात काट्यासारखी रुतून बसलेली. पंचेचाळीस वर्षांत बाबांनी तिला एकदाही 'कशी आहेस?' असं विचारलं नव्हतं.

लहानपणी ते बंदरावरून फोन करायचे. तीन मिनिटं मिळायची, मागे खलाशांची रांग. तेवढ्यात विचारायचे काय, तर "बाकावर शेजारी कोण बसतं? बुटाची नाडी कुठल्या रंगाची आहे?" मैत्रिणींचे वडील लेकींना 'माझी राणी कशी आहे' म्हणायचे, आणि हिच्या वाट्याला नाडीचा रंग! शंभर माणसांसमोर उभं राहून आभार मानायचे तर ते आतून आले पाहिजेत, नाहीतर नकोतच, असं तिचं म्हणणं होतं. आणि आतून काही येत नव्हतं. कागद तसाच राहिला.

गुरुवारी संध्याकाळी केंद्राच्या बाईंचा फोन आला. बाबा रोज सकाळी सातला सात जणांना फोन करायचे. सगळे म्हातारे, एकेकटे राहणारे. फोन उचलला नाही की केंद्रातून कुणीतरी धावत जायचं. बाबा गेल्यापासून बाईच ते कसंबसं निभावत होत्या.

"ताई, उद्याचा एक दिवस सांभाळाल? सुनेचं ऑपरेशन आहे सकाळी. अवघड काही नाही हो. त्यांनी उचलला की आपण ठेवायचा."

थोरली हो म्हणाली. आईला हे काम सांगण्यात अर्थ नव्हता, कारण सकाळी आई बोलतच नसे. उठल्यापासून जप पुरा होईपर्यंत मौन, साडेसातपर्यंत. सदतीस वर्षांचा नेम. एकदा वादळात बाबांच्या जहाजाची नऊ दिवस खबर नव्हती, तेव्हा धरलेला. दहाव्या दिवशी खबर आली, तरी तिनं तो सोडला नाही. "मागताना धरायचा आणि मिळालं की सोडायचा? मग तो नेम कसला, ती तर मतलबी ओळख झाली," असं ती हळू आवाजात म्हणायची. घरात तिच्या मौनाची एवढी सवय होती, की सकाळी साखर कुठे आहे हेसुद्धा तिला कुणी विचारत नसे.

शुक्रवारी सात वाजता थोरली बाईंनी पाठवलेली सात नावांची यादी घेऊन फोनपाशी बसली. आई खिडकीजवळच्या खुर्चीत, डोळे मिटलेले, माळ हातात.

पहिल्या शिवणवाल्या मावशी. "नमस्कार मावशी, कशा आहात? ठीक?"

"ठीक गं."

मग निवृत्त बसचालक. ठीक. मग दोघी बहिणींमधली मागे राहिलेली एक. ठीक. चौथेही ठीक. पाच मिनिटांत चार नावांपुढे खुणा झाल्या. थोरलीला वाटलं, एवढ्यासाठी बाबा पाऊण तास लावायचे? गप्पिष्ट तर कधीच नव्हते ते.

तेवढ्यात तिचं लक्ष आईकडे गेलं. माळ थांबली होती. आई डोळे उघडून तिच्याकडे बघत होती आणि मान हलवत होती, नाही, नाही.

"काय गं? सगळे ठीक आहेत की."

आईनं फळीवरच्या निळ्या वहीकडे बोट दाखवलं. थोरलीला वाटलं, वही पुसून ठेव म्हणतेय. "करते नंतर," म्हणून तिनं पाचवा नंबर फिरवला. हे भूगोलाचे मास्तर, शाळा सोडून वीस वर्षं झालेली.

"सर, ठीक आहात ना?"

"ठीक... ठीक आहे."

तिनं फोन ठेवला आणि खूण करायला पेन उचललं.

"खूण करू नकोस!"

थोरली दचकली. आवाज आईचा होता. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आई, तुझं मौन—"

"ते माझं मी बघेन. आधी परत फोन लाव. मास्तर 'ठीक' म्हणणाऱ्यातले नाहीत. हे त्यांना तसं म्हणूच द्यायचे नाहीत. विचार, खिडकीतून समोर काय दिसतंय."

"हा काय प्रश्न झाला?"

"विचार म्हणते ना!"

थोरलीनं परत लावला. बराच वेळ वाजला, मग उचलला. "सर, खिडकीतून समोर काय दिसतंय तुम्हाला?"

 मग मास्तर म्हणाले, "घंटा झाली का? मुलं... मुलं बाहेर उभी आहेत. नकाशा कुठे ठेवला कुणी..."

 आईनं तोवर निळी वही उघडून समोर धरली होती. बाबांचं चौकोनी अक्षर. मास्तरांच्या पानावर लिहिलेलं : खिडकी विचारणे. रोज वाऱ्याची दिशा सांगतात, चुकत नाहीत. मधुमेहाच्या गोळ्या घेतात, वर जेवण चुकवतात. दुसरी किल्ली खालच्या चष्मेवाल्याकडे. आणि त्याचा नंबर.

थोरलीनं तो लावला. चष्मेवाला दुकान झाडत होता, तो शटर अर्धं टाकूनच वर धावला. फोन कानालाच होता. "दार उघडलं... खुर्चीत आहेत, ताई. घामानं भिजलेत. डोळे उघडे आहेत, पण मला ओळखत नाहीयेत."

"गिळता येतंय का बघा. येत असेल तर साखरेचं पाणी द्या, घोट घोट. मी गाडी पाठवते."

इतकं बोलून तिनं रुग्णवाहिकेला फोन केला. मग आईकडे वळून म्हणाली, "बाकीचे दोन?" त्या दोघांना मात्र वहीत लिहिलेलं विचारलं. एकानं कुंडीत किती फुलं आली ते मोजून सांगितलं, दुसऱ्या आजींनी हातातल्या विणकामाचा रंग. मग पहिल्या चौघांनाही पुन्हा फोन गेले. शिवणवाल्या मावशी म्हणाल्या, "आत्ता कसं! मघाशी मला वाटलं, वीजबिलवाल्यांचा फोन."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "साखर फार खाली गेली होती. अर्धा तास उशीर झाला असता, तर..." पुढचं त्यांनी हातानंच सांगितलं.

मायलेकी बाहेरच्या बाकावर बसल्या. आई एरवी चार वाक्यं सलग बोलायची नाही, ती बोलू लागली.

"इंजिनरूममध्ये पाळी बदलताना 'सगळं ठीक?' असं विचारायचं नाही, हे त्यांच्या वरिष्ठांनी शिकवलं होतं. माणूस बसल्या जागी 'ठीक' म्हणतो. एकदा एकानं म्हटलं तसं, न उठता. पंप तापून जळाला आणि तळाशी दोन माणसं भाजली. तेव्हापासून हे विचारायचे, तेलाचा काटा कितीवर आहे? त्याला उठून काट्यापर्यंत जावंच लागतं. मला म्हणायचे, ठीक हा शब्द माणूस दार लावायला वापरतो."

 थोरलीला आपलं वसतिगृह आठवलं. एकोणिसाव्या वर्षी ती परीक्षेत नापास झाली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांचा फोन आला. म्हणे, खोलीतला बल्ब किती वॅटचा आहे? "मला नाही माहीत. दोन दिवस दिवा लावलेलाच नाही," असं खेकसून तिनं फोन आपटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फाटकाशी उभे. "पंपाचा एक सुटा भाग बघायला आलोय इकडे," म्हणाले. तीन दिवस राहिले. तिला घेऊन नुसते चालायचे, चहा प्यायचे, परत चालायचे. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून सगळं सांगितलं. परत जाताना त्यांच्या हातात कसला भाग नव्हता, की पुडकं नव्हतं. तिनं ते पाहिलं होतं आणि विसरूनही गेली होती.

"आई, तेव्हा पंप बिघडला होता का गं? मी वसतिगृहात असताना?"

आई हसली. "कसला पंप! रात्रीच्या गाडीत उभं राहून गेले होते. मला म्हणाले, पोरगी अंधारात बसलीय."

थोरलीनं पदराला चेहरा पुसला. पदर आईचा होता, पण आईनं हूं की चूं केलं नाही.

दुपारी मास्तर उशीला टेकून बसले आणि लगेच तक्रारीला लागले. "तुझे बाबा रोज छळायचे मला. एकदा कंटाळून म्हटलं, समोर समुद्र दिसतोय. तर म्हणतात, मास्तर, समुद्र मी पुष्कळ पाहिलाय, तुमच्या समोर सायकलचं दुकान आहे. काल रात्री पोळी खाल्ली होती का?" मग आवाज उतरला. "काल खाल्ली नव्हती. ते गेल्यापासून जेवणावर मन नव्हतं माझं."

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. थोरली कागद न घेताच उभी राहिली.

"माझ्या बाबांनी मला जन्मात कधी 'कशी आहेस' विचारलं नाही," ती म्हणाली.  धाकट्यानं डोक्याला हात लावला. मग तिनं बंदरावरचे फोन सांगितले, वसतिगृहाची गोष्ट सांगितली, परवाची सकाळ सांगितली. "विचारलं असतं, तर मी 'ठीक' म्हटलं असतं आणि ते घरीच राहिले असते. हे कळायला मला फार वेळ लागला. ते असताना आभार मानायचे राहिले. आज मानते, अगदी पोटातून." आणि ती खाली बसली.

मागच्या रांगेतून शिवणवाल्या मावशी उठल्या. "बोललीस छान, पण उद्याचं काय? मला कोण फोन करणार?"

केंद्राच्या बाई लगबगीनं पुढे आल्या, "करू काहीतरी, ती वही द्या इकडे." पण वही आईच्या मांडीवर होती आणि आई ती सोडेना. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी आई बसल्या जागेवरून म्हणाली, "आम्ही करू. जप मी आजपासून पहाटेच उरकतेय. चार हिचे, तीन माझे."

"मी परत गेले तरी फोन काय, माझ्या गावाहूनही लागतो," थोरली म्हणाली. मग आईच्या कानाशी वाकली. "पण मला चार आणि तुला तीनच का गं?"

"मास्तर माझ्याकडे आहेत ना," आई म्हणाली.