तिच्या बाजूचा फुगा

मी एक फुगा बोलतोय. हसू नका. दोऱ्याला बांधून पोरांच्या हातात देतात तो फुगा मी नव्हे. एका काळ्याभोर, ऐटदार गाडीच्या पुढच्या चाकावर मी बरीच वर्षं उभा होतो. साध्या गाड्यांना तिथे लोखंडी स्प्रिंग असते. आमची गाडी पडली बड्या घरची, तिच्या चारही चाकांवर जाड रबराचे, हवेने भरलेले फुगे होते. सगळं वजन आम्ही श्वास रोखून झेलायचो.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. तापलेल्या रबराचा वास, साच्यातला काळोख, आणि मग कुणीतरी लावलेली नळी. पहिली हवा आत आली तेव्हा मी जागा झालो. त्याआधीचं सगळं झोपेत गेलं म्हणायचं. खरं सांगायचं तर नंतरचंही बरंचसं अर्धवट झोपेतच गेलं, कारण रस्ता मला ऐकू यायचा पण लागायचा नाही. खड्डा आला की मी तो पोटात घ्यायचो आणि वर बसलेल्यांना झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटायचं.

गाडी घेतली होती बाबांनी. बाबा म्हणजे घरातले वडीलधारे. त्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे मोठं जिकिरीचं काम. आयुष्यभर पै-पाहुण्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांशी ते मान हलवूनच बोलले. आई त्यांच्या नेमक्या उलट, बोलक्या आणि हसऱ्या, पण गुडघ्यांनी बेजार झालेल्या.

गाडी घरी आली त्या दिवशी आईंनी दार उघडलं, पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. गाडी त्यांना उंच पडत होती. बाबा स्टिअरिंगमागे समोर बघत बसले होते. त्यांनी एक बटण दाबलं, आमच्यातली थोडी हवा हलकेच सुटली आणि एवढं मोठं धूड जमिनीकडे झुकलं. आई आत बसल्या. बाबांनी दुसरं बटण दाबलं आणि आम्ही छाती भरून पुन्हा उभे राहिलो.

त्यानंतर तो नेमच झाला. आईंनी फाटकाची कडी काढली की बाबांचं बोट बटणावर जायचं. बायकोसाठी त्यांनी कधी गाडीचं दार उघडलं नाही, कधी कौतुकाचा शब्द काढला नाही, पण कडी वाजली आणि मी वाकलो नाही असं एकदाही झालं नाही.

घरात त्याची थट्टा सुरू झाली. "बघा, आपण आलो की ही ताठ उभी," सून म्हणायची, "आणि आई आल्या की कशी वाकते! गाडीसुद्धा माणसं ओळखून मान देते." आई नुसत्या हसायच्या.

दर आठवड्याला आमची एक फेरी ठरलेली असे. आईंची थोरली बहीण पलीकडच्या चढावर राहायची. ती अंथरुणाला खिळलेली होती, आणि तिच्या केसांना आईंखेरीज कुणी हात लावलेला तिला खपत नसे. आई पिशवीत कंगवा आणि तेलाची बाटली घेऊन जायच्या, गुंता सोडवायच्या, वेणी घालायच्या, दोघी बहिणी तासन्‌तास बोलत बसायच्या. परतताना गाडीत तेलाचा मंद वास असायचा आणि मला फार गाढ झोप लागायची.

पुढे बाबा गेले. मुलगा गाडी चालवू लागला. मनाने चांगला, पण सदा घाईत, फोन कानाला चिकटलेला. त्याच सुमाराला माझ्या घडीत एक बारीक चीर पडली. वयपरत्वे रबराला असं होतंच. मी रात्रभर थोडा थोडा गळायचो आणि सकाळी गाडी माझ्या बाजूला झुकलेली असायची. आणि माझी बाजू म्हणजे नेमकी आईंच्या बसण्याची.

मुलाने ते पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, बाबांनी काहीतरी सेटिंग करून ठेवलंय. झुकून बसलेल्या गाडीला कोण नावं ठेवणार? माझं गळणं या घरात अदब म्हणून खपून गेलं. गाडी सुरू झाली की हवा भरणारा पंप बिचारा कण्हत कण्हत मला फुगवायचा. आई मात्र त्या दिवसांत, का कोण जाणे, आत बसल्या की मुलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवायच्या.

एके दिवशी पंप जळला आणि गाडी खाली बसली ती उठेचना. तिला ओढत गॅरेजमध्ये नेलं.

"फुगे मागवायला दोन-तीन महिने जातील," गॅरेजवाला हात पुसत म्हणाला. "आणि पुन्हा कधीतरी गळणारच ते. त्यापेक्षा साध्या स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर टाका. डोक्याला ताप नाही."

"टाका," मुलगा म्हणाला. "आईला मावशीकडे न्यायचं असतं. गाडी उभी ठेवून चालणार नाही."

त्याने आईंना विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

गाडी वर उचलली, चाकं काढली, माझी नळी सोडवली. उरलीसुरली हवा बाहेर पडली आणि मला एकदम हलकं वाटलं. माझ्या जागी एक काळीकुळकुळीत स्प्रिंग बसली, कमावलेल्या अंगाची आणि सरळ स्वभावाची. वाकणं तिला ठाऊक नव्हतं. समोरचा लाल दिवा मात्र विझेना. गाडी आम्हाला शोधत होती. शेवटी वायरिंगवाल्याने एक डबी जोडली. ती डबी गाडीला सतत सांगत असते की फुगे जागेवर आहेत, सगळं ठीक आहे. गाडीने विश्वास ठेवला आणि दिवा विझला. जुने पार्ट मालकाला परत द्यायची त्या गॅरेजची पद्धत होती, म्हणून आम्हा चौघांना पोत्यात घालून डिकीत ठेवलं.

तिथूनच मी पुढचं सगळं ऐकलं.

फाटकाची कडी वाजली. सवयीने मी श्वास सोडायला गेलो, पण सोडायला श्वासच नव्हता. गाडी ताठ उभी राहिली. आई दाराशी थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

"आई, बस ना."

त्यांनी पाय उचलला, पण तो पुरेसा वर जाईना. "आज राहू दे," त्या म्हणाल्या आणि परत फिरल्या. पुढच्या आठवड्यातही तेच झालं. टॅक्सी बोलावली तर म्हणाल्या, डोकं दुखतंय. चढावरून निरोप येत राहिले, की मावशीच्या केसांची पार जटा झालीय, ती कुणाला जवळ येऊ देत नाही, सारखी धाकटीला विचारते.

मग एका दुपारी मुलगा डिकीपाशी उभा राहून वैतागून म्हणाला, "आई, गाडी कुणाला मान देत नसते गं. फुगा गळका होता, म्हणून ती खाली बसायची. एवढंच होतं ते."

"गाडी मान देते असं मी कधी म्हटलं?" आई म्हणाल्या. "ते तुम्ही म्हणायचात. बटण मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तुझे बाबा दाबायचे. कडी वाजली की दाबायचे, कधी विसरले नाहीत."

"मग?"

"ते गेल्यावरही गाडी वाकलेलीच असायची. मला वाटलं, आता तू दाबतोस."

मुलाचा हात डिकीच्या झाकणावर होता, तो तसाच राहिला. आई घरात गेल्या तरी तो तिथेच होता. मला फार वाईट वाटलं, त्याचंही आणि आईंचंही.

दुसऱ्या दिवशी त्याने पोतं उघडून मला बाहेर काढलं. करवत धरायची त्याला सवय नव्हती. फळ्या वाकड्या कापल्या गेल्या, हातोडी अंगठ्यावर बसली, सुनेने हसू दाबत पट्टी बांधून दिली. संध्याकाळपर्यंत एक लाकडी पायरी तयार झाली, किंचित लंगडणारी. पाय सरकू नये म्हणून त्याने मला कापून, दुहेरी करून तिच्यावर ठोकलं.

त्या आठवड्यात आई चढावर गेल्या. गुंता सोडवण्यात सबंध दुपार गेली असं परतताना सांगत होत्या, आणि गाडीत पुन्हा तेलाचा वास होता. नव्या स्प्रिंगांमुळे खड्डे जरा जास्तच कळत होते. आईंनी तक्रार केली नाही.

आता मी डिकीत राहतो आणि दिवसभर पेंगतो. माझ्यात हवा नाही आणि मला कुणी पुन्हा फुगवावं अशी इच्छाही नाही. एवढंच मागणं आहे की कडी वाजली की मला तेवढं जागं करा. पण तसं सांगायची वेळ अजून कधी आलेली नाही. कडी वाजते, मुलगा फोन खिशात टाकतो, डिकी उघडतो, गाडीला वळसा घालून येतो आणि एवढा उंच माणूस कमरेत वाकून मला जमिनीवर ठेवतो. त्या क्षणी आई त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. मग त्यांचा पाय माझ्यावर पडतो, आणि मीही थोडासा दबतो.