खुर्चीचे दोन गुण

नंदनवन कॉलनीमागच्या त्या वस्तीत तिसऱ्या घरीही तीच हिरवी खुर्ची माझ्यापुढे आली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तोच मोडका हात, तशीच त्याला बांधलेली सुतळी. मी काय आंधळी आहे?

सन बहात्तरचा एप्रिल. आम्ही नागपुरातल्या वस्त्यांची गरिबी मोजत होतो: खुर्ची असली तर दोन गुण, रेडिओला तीन, घरात नळ असेल तर पाच. शिवाय घरात आजारी कोण, मुलं किती दगावली, तेही विचारायचं. जिथे गुण कमी आणि आजार जास्त, तिथे दवाखाना निघणार होता. पण पाहुणी आली म्हणून या बायांनी खुर्ची, रेडिओ, स्टीलचे पेले, सगळं माझ्या पुढे पुढे घरोघर पळवलं. आदल्या दिवशीचे गुण पाहून आमचे कृष्णकांत साहेब म्हणाले होते, "प्रेमलताबाई, ही गरिबांची वस्ती आहे की बंगलेवाल्यांची धरमपेठ?"

"खुर्ची कोणाची?" मी घरच्या बाईला, भागीरथाबाईला विचारलं.

"आमचीच हाये जी."

"खोटं कशाला बोलता? अशानं दवाखाना मिळेल का तुम्हाला?"

"मंग तुमाले का खाली बसवू? लोक काय म्हनतीन?"

मी कपाळावर हात मारला. "बरं. घरात कोणी आजारी?"

"कोनी नाही. सारे खुशाल हायेत."

"एखादं मूल गेलं का?"

"नाही जी."

तेवढ्यात लुगड्याच्या पडद्यामागे कोणीतरी कण्हलं. "शेजारनीचं लेकरू हाये," ती घाईघाईने म्हणाली. मी पडदा सारला. वर्षभराचा पोरगा, डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे पडलेले. हगवणीने पार गळून गेला होता. नाक मात्र थेट भागीरथाबाईचं.

"काहून लपवून राहिल्या, बाई?" रागाच्या भरात माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

"मोठी पोरगी लग्नाची हाये. बिमारीचं घर म्हनतीन. सोयरीक तुटन तिची."

"चुलीत गेली ती सोयरीक! उचला त्याला!"

रिक्षा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळाकडे निघाली. पोराला पदराखाली घेऊन ती बसली होती आणि माझं तोंड काही थांबत नव्हतं. अंगावर पांघरूण घालून दुखणं झाकतं का? मी काय मुलगी पाहायला आले होते? मला तिचा राग येत होता, आणि खुर्चीला गुण देणाऱ्या आमच्या ऑफिसचा त्याहून जास्त.

वाटेत सक्करदऱ्याजवळ तिने माझ्या दंडावर हात ठेवला.

"बाई, लिवा," ती म्हणाली. "याच्या आंधीचे दोघं बी याच बिमारीनं गेले. त्यायले बी लिवा."