हिमनदीसमोरची पाळी

भाऊजींनी आयुष्यभर कारखान्याचं गोदाम सांभाळलं. निवृत्तीनंतर वाटप करायला त्यांच्याकडे माणसंच उरली. माणसं तीन: त्यांची बायको, म्हणजे ताई, ताईची धाकटी बहीण, जिला एकोणसाठाव्या वर्षीही घरात बेबी म्हणत, आणि बेबीचा नवरा, जो कशालाच नाही म्हणत नसे, म्हणून त्याला कुणी काही विचारतही नसे. चौघं दरवर्षी मिळून सहलीला जात. बसची खिडकी, उन्हाची खोली, सकाळचं पहिलं गरम पाणी, सगळं पाळीने. पाळ्यांचा कागद भाऊजींच्या वरच्या खिशात.

यंदाची सहल बेबीच्या हट्टाची. तिने एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर हिमनदी काढली आणि तिच्या टोकाचा कडा पाण्यात कसा कोसळतो, ते टेबलावर डस्टर आपटून दाखवलं. मुलं हसायची. एकदा खरा कडा कोसळताना बघायचा, एवढंच तिला हवं होतं, आणि हे तिने वर्षभरात सगळ्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं की भाऊजी ‘कडा’ म्हटलं की कान खाजवायचे.

बोटीवर बसायला काचबंद केबिन होती. पुढच्या उघड्या डेकवर मात्र प्रत्येक कुटुंबाला दोनच खुर्च्या. भाऊजींनी आदल्या दिवशीच कागद केला: नऊ वाजता बोट सुटणार, वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या, पहिली ताई-भाऊजींची, दुसरी बेबी आणि तिच्या यजमानांची, मग पुन्हा तसंच.

“दहाला पोचतो. दहा ते दहा-वीस बोट हिमनदीसमोर थांबते. ती पाळी बेबीची. मुद्दाम जमवलीय मी,” भाऊजी म्हणाले. बेबीला भरून आलं.

सकाळी नऊला भाऊजींना आठवलं की कानटोपी हॉटेलातच राहिली. ते जाऊन येईपर्यंत बोटवाल्याने बोट धक्क्यालाच ठेवली. नऊ-वीसला ते हाशहुश करत आले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “चला, बेबी, तुमची पाळी.”

“अहो, आत्ता कुठे बोट सुटतेय,” ताई म्हणाली. “मी वीस मिनिटं धक्क्याचे टायर बघत बसले.”

“कागदावर नऊ ते नऊ-वीस तुझी होती. झाली.”

“तुमच्या टोपीपायी झाली ना?”

“टोपीचा आणि पाळीचा काय संबंध?”

हिशेब एकट्या यजमानांनी केला. बोट वीस मिनिटं मागे, कागद जागच्या जागी. म्हणजे हिमनदीसमोर पाळी येणार ताईची. त्यांनी हे बेबीच्या कानात सांगितलं. बेबीने भाऊजींना सांगितलं. भाऊजी म्हणाले, “आता मधेच बदललं तर कागदाला अर्थ काय राहिला?”

बेबीला दोन्ही वेळा धुकं मिळालं. दहा-वीसला धुकं फाटलं, समोर निळसर पांढरी भिंत उभी राहिली, इंजिन बंद झालं, आणि भाऊजी तिच्या खांद्यावर टिचकी मारून म्हणाले, “पाळी संपली.”

“ताई, तुला कुठे एवढी हौस आहे? मला बसू दे ना.”

“हौस नाही गं. पण माझी एक पाळी आधीच बुडलीय,” ताई म्हणाली, खुर्चीत बसली आणि वाऱ्यासाठी शाल डोळ्यांपर्यंत ओढून घेतली.

बेबी केबिनमध्ये गेली. काचेवर चौदा माणसांचा श्वास साचलेला. तिने बाहीने पुसलं, पुन्हा साचला. मग ढगात काही फुटावं तसा आवाज झाला, बोट हलली, बाहेरच्यांनी ओरडून दाद दिली. बेबीला दिसली ती भाऊजींची टोपी.

ती दार लोटून बाहेर आली. “काय झालं?”

“काहीतरी पडलं बाई. पांढरं,” शालीतून ताई म्हणाली.

बेबी तिच्या खुर्चीसमोर आली. “ऊठ.”

“अजून अकरा मिनिटं आहेत माझी.”

“ताई, शाळेत मी मारत नव्हते. माझी तिथली नोकरी संपली आहे. ऊठ.”

ताई उठली. तिला थंडी वाजतच होती, पण जाताना तोंड असं केलं की जणू दागिनाच काढून दिला. भाऊजी उठले नाहीत. यजमान येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले आणि सदतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा म्हणाले, “नाही, आता आम्ही बसतो.”

अकरा मिनिटं भिंत ढिम्म हलली नाही. इंजिन सुरू झालं, बोट वळली. दहा-चाळीसला पाळी रीतसर बेबीचीच होती. ती खुर्चीवर उलटी, गुडघ्यांवर बसली, मागे बघत. अकराला भाऊजी दारात आले. यजमानांनी दार बाहेरून धरून ठेवलं.

सव्वाअकरा झाले असतील. लांबवर भिंतीचा नखाएवढा तुकडा सुटला आणि अगदी सावकाश, काही आवाज न करता, खाली गेला. पाणी वर आलं. बेबी ओठांत आकडे मोजत होती. मग आवाज आला, मऊ, थकलेला.

“चोवीस सेकंद,” ती म्हणाली. “आठ किलोमीटर.” आणि नाक पुसलं.

“मला दिसला,” यजमान म्हणाले.

दाराच्या फटीतून कागद बाहेर आला, मागोमाग भाऊजींचा आवाज: “दिसला ना? मग आता मला एवढंच सांगा, यातली किती मिनिटं ताईच्या खात्यात धरायची?”